नेल्सच्या पिंपातली व्हिस्की

"माझ्या मुलाची व्हिस्की कुणीतरी चोरली आहे," ऑगस्ट ब्रँडवॉल्ड म्हणाला आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला.

मार्गिट सोलबर्गने शेगडीवरून कॉफीची किटली उचलली. "आधी आत या. बूट राहू द्या पायात. बसा."

तो बसला. ताडमाड माणूस, पण खुर्चीत बसल्यावर एकदम लहान दिसायला लागला. काल घातलेला काळा कोट अजून अंगात होता. त्याच कोटात तो झोपला असावा, किंवा झोपलाच नसावा.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वेंडेल प्रूइट ॲपल पाय संपवत होता. वेंडेल म्हणजे मार्गिटच्या वारलेल्या नवऱ्याचा सावत्र भाऊ. आयुष्यभर त्याने शाळेची बस चालवली होती. मार्गिट पूर्वी एका विमा कंपनीत खोटे दावे पकडायची. ती नोकरी सोडून तिने खासगी तपासाची पाटी लावली, तेव्हा वेंडेल न विचारता तिचा ड्रायव्हर झाला. सगळं मन लावून ऐकायचं आणि बरोबर उलटा अर्थ काढायचा, ही त्याची खासियत.

"काल तुम्ही पिंप फोडलंत ना? गावभर तेच चाललंय," वेंडेल म्हणाला. "म्हणे, तुम्ही ग्लास नाकाशी नेलात, खाली ठेवलात आणि तडक निघून गेलात."

"आणि काय म्हणतात तेही माहीत आहे मला. म्हातारा दुःखाने खुळावला. नाक गेलं त्याचं." ऑगस्टने मार्गिटकडे पाहिलं. "माझं नाक गेलेलं नाही, मार्गिट. त्या पिंपात नेल्सची व्हिस्की नाही. दुसरीच आहे."

"पहिल्यापासून सांगा."

ऑगस्टची स्कॅजिट खोऱ्यात व्हिस्कीची भट्टी होती. स्कॉटलंडमध्ये करतात तशी नुसत्या बार्लीच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांची, तांब्याच्या हंड्यात दोनदा उकळलेली व्हिस्की तो अमेरिकेत करायचा. धुराची चव द्यायची असेल तर स्कॉटलंडमधल्या बेटावरून आलेला, तिथल्या दलदलीची वाळलेली माती, म्हणजे पीट, जाळून धुरावलेला माल्ट वापरायचा. नेल्स, त्याचा एकुलता एक मुलगा, यावरून त्याच्याशी भांडायचा.

"तो म्हणायचा, आपण किती दिवस दुसऱ्यांची नक्कल करणार? आपल्या खोऱ्यात बार्ली आहे, दलदल आहे, पीट आहे. मी म्हणायचो, तो पीट नव्हे, चिखल आहे." ऑगस्ट कपाकडे बघत राहिला. "सहा वर्षांपूर्वी त्याने हट्टाने एक लहान पिंप भरलं. शेजारच्या ट्रूमनच्या दलदलीतला पीट, ट्रूमनचीच बार्ली. हंड्यातून धार पडली तेव्हा मी वास घेतला. ओली पानं, सीडरची साल, पावसाने विझवलेली शेकोटी. मी त्याला काही बोललो नाही. बरं आहे, एवढं सुद्धा नाही. म्हटलं, पिंपात मुरू दे, मग बघू. आणि तीन वर्षांपूर्वी तो गेला."

मार्गिटला ते ठाऊक होतं. नेल्सची गाडी रस्ता सोडून ओढ्यात गेली होती.

"मी तेव्हा स्कॉटलंडला होतो. माल्ट घ्यायला. कोरीनने, म्हणजे माझ्या सुनेने, फोन केला. फार धुकं होतं म्हणाली. समोरचं दिसत नव्हतं, हरीण आडवं आलं असेल." त्याने कप बाजूला सारला. "काल नेल्सचा वाढदिवस होता. काल मी ते पिंप उघडलं. आणि आतून वास कसला आला? समुद्राचा. शेवाळाचा. जखमेवर लावायच्या आयोडिनचा. हा स्कॉटलंडचा धूर, मार्गिट. आपल्या खोऱ्याचा नव्हे."

"पिंपाचं सील?"

"शाबूत होतं. तेच तर! नेल्स स्वतःच्या मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण ओतायचा आणि त्यावर लग्नाची अंगठी दाबायचा, ही त्याची खूण. काल मेणावर ते कडं जसंच्या तसं होतं. अंगठी तर त्याच्याबरोबरच पुरली आम्ही."

"म्हणजे चोर बंद पिंपात शिरला," वेंडेल म्हणाला.

"वेंडेल, गाडी काढ," मार्गिट म्हणाली.

भट्टीच्या वाटेवर कापणी झालेली शेतं पांढऱ्या हंसांनी भरली होती. गोदाम लांबट, थंड आणि अर्धवट अंधारं होतं. दारूच्या वाफेवर वाढणाऱ्या काळ्या बुरशीने भिंती आणि पिंपं काजळी धरल्यासारखी झाली होती. दाराजवळ भिंतीत चेरीच्या लाकडाच्या खुंट्यांची रांग होती. मार्गिटने तिथे कोट अडकवला. प्रत्येक खुंटीच्या टोकाला चाकूने एक तिरपा काप दिलेला होता.

"छान आहेत."

"नेल्सचं काम," ऑगस्ट म्हणाला. "त्याच्या हातात सारखा चाकू असायचा." एवढं बोलून तो बाहेर निघून गेला. त्या गोदामात त्याच्याने उभं राहवत नसावं.

नेल्सचं पिंप सगळ्यांत मागे, जमिनीलगत आडवं ठेवलेलं होतं. शेजारी बुचावरचं मेण चकतीसारखं अख्खं काढून ठेवलं होतं. मार्गिटने बराच वेळ त्याकडे पाहिलं. मग पर्समधून डाइम काढलं, म्हणजे सगळ्यांत लहान नाणं, आणि मेणातल्या कड्यावर ठेवलं. नाणं कड्याच्या आत गेलं नाही. काठावर अडून राहिलं.

"हे काय?" वेंडेलने विचारलं.

"अजून काही नाही." तिने पिंपावर टॉर्च मारला. पिंपाच्या वरच्या अंगाला, फळ्यांच्या सांध्यांतून तपकिरी ओघळ आलेले होते. तिने बोट लावलं. चिकट. "बघ, हे काजळीच्या वरून वाहिलेत."

"पिंप गळतंय, त्यात काय?"

"गळतं ते खालून गळायला हवं. खालचं अंग कोरडं ठणठणीत आहे, वरचंच तेवढं गळालंय."

ती गुडघ्यांवर बसली आणि पिंपाच्या गोल तोंडाच्या खालच्या कडेवरून हळूहळू बोटं फिरवली. एका ठिकाणी बोट थबकलं. तिने नखाने काजळी खरवडली. आत फुटाण्याएवढं गोल लाकूड दिसलं. भोक पाडून त्यात एक बारीक खुंटी ठोकलेली होती.

"सापडला!" वेंडेल ओरडला. "इथूनच चोरली!"

"ओरडू नकोस. काजळी बघ. पिंपाच्या तोंडावर आहे तेवढीच खुंटीवर आहे. एकसारखी. भोक जुनं आहे." तिने वेंडेलला बादली धरायला लावली, चिमट्याने खुंटी ओढून काढली आणि तिथे कापडाचा बोळा कोंबला. खुंटी तिने टॉर्चपुढे धरली, उलटसुलट केली आणि खिशात टाकली. वेंडेलला तिचा चेहरा एकदम म्हातारा वाटला.

गोदामाचा कारभार हॉलिस रेनकडे होता. चाळिशीचा, बुटका, सतत घाम पुसणारा माणूस.

"माझ्यावरच येणार, माहीत होतं मला," तो आल्या आल्या म्हणाला. "किल्ली माझ्याकडे असते ना!"

"आणखी कुणाकडे?"

"साहेबांकडे. कोरीनकडे, ती बाटल्या भरायच्या खोलीत काम करते. नेल्सकडे होती."

"स्कॉटलंडच्या धुराचा माल किती पिंपं आहे?"

हॉलिसचा घाम वाढला. "एक... एक पिंप थोडं कमी आहे. गेल्या महिन्यात ध्यानात आलं माझ्या. शपथेवर सांगतो बाई, मी घेतलेली नाही. साहेबांनी तेव्हाच सगळ्यांना जाहीर केलं होतं, वाढदिवसाला नेल्सचं पिंप उघडणार म्हणून. त्यांचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. त्यात मी हे कुठे सांगू?"

"नेल्स कसा होता?"

हॉलिस जरा सैल झाला. "सोन्यासारखा. दारूच्या भट्टीत राहून थेंब पीत नव्हता. चव घ्यायचा आणि थुंकायचा. साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. शेवटी शेवटी थोडा गप्प झाला होता. दुपारची डबा खायची वेळ झाली की या पिंपापाशी येऊन बसायचा. जमिनीवरच, पिंपाला टेकून. मी विचारलं तर म्हणायचा, ही आत काय बोलतेय ते ऐकतोय. आम्ही हसायचो."

"कुणी त्याच्याबरोबर बसायचं?"

"छे. ती त्याची जागा होती."

गाडीत बसल्यावर वेंडेल म्हणाला, "यानेच केलं. धुराचं पिंप कमी आहे हे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. नेल्सची विकली आणि त्यात ही भरली. एवढा घाम सज्जन माणसाला येत नाही."

"तुला ॲपल पाय खाताना येतो तेवढाच आलाय त्याला."

ट्रूमन डेव्रीस अंगणात ट्रॅक्टर धूत होता. आडदांड, लाल चेहऱ्याचा शेतकरी. नेल्सचं नाव काढताच त्याने नळ बंद केला.

"भांडण झालं होतं आमचं. लोक सांगतीलच, त्यापेक्षा मीच सांगतो. दलदल खणून त्याने माझ्या गाईंच्या वाटेत खड्डा केला. मी शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या मधाची बरणी घेऊन दारात. आता अशा माणसावर कोण किती रागावणार?"

"ती बरणी आहे अजून?"

ट्रूमन घरात जाऊन बरणी घेऊन आला. झाकणावरचं मेण तसंच होतं. "उघडली नाही मी. पुढे उघडवेना."

मेणावर अंगठीचं कडं होतं. मार्गिटने त्यावर डाइम ठेवलं. नाणं सहज आत बसलं आणि भोवती जागाही उरली.

"अपघाताच्या दिवशी तुम्ही जवळपास होतात?"

"त्याला काढला तो मीच. मी आणि कोरीन." ट्रूमन दूर रस्त्याकडे बघायला लागला. "मी त्या वरच्या वावरात नांगरत होतो. दुपारची वेळ. असा दिवस वर्षातून एखादा येतो. माउंट बेकर एवढा लख्ख दिसत होता की वाटावं, हात लावला तर बर्फ लागेल. मी ट्रॅक्टर थांबवून बघत बसलो होतो आणि तेवढ्यात त्याची गाडी दिसली. सरळ रस्ता, आणि गाडी आपली हळूहळू कडेला चाललेली. झोपेत चालणाऱ्या माणसासारखी."

"हरीण वगैरे?"

"मी तरी नाही पाहिलं." त्याने नळ पुन्हा सोडला. "कोरीन म्हणाली, ट्रूमन, याबद्दल कुणाशी बोलू नकोस. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. ऑगस्टला मी कधी काही बोललो नाही."

परत निघाल्यावर वेंडेलने गाडी रस्त्याला लावली. मग म्हणाला, "हा मनुष्य मला आवडला. पण चोरीशी त्याच्या डोंगराचा काय संबंध? उगाच वेळ घालवला."

मार्गिट काचेतून बाहेर बघत होती. "त्यानेच सगळं सांगितलं, वेंडेल."

कोरीन ओढ्यापलीकडच्या छोट्या घरात राहायची. तिने त्यांना आत घेतलं आणि सामन माशाचं दाट सूप वाढलं. बारीक अंगाची बाई. बोटातली लग्नाची अंगठी शाळकरी मुलीच्या बोटात बसावी एवढी होती.

"डॅडना त्रास देऊ नका हो," ती म्हणाली. "त्यांना वाटलं तसं वाटू दे. धूर तो धूर. इतकी वर्षं लाकडात राहिल्यावर वास बदलतोच की."

"त्या दिवशी धुकं होतं?"

कोरीनचा चमचा सूपमध्येच राहिला. "हो. फार."

मार्गिटने पुढे काहीच विचारलं नाही. सूप संपवलं, वाडगा स्वतः धुवून ठेवला आणि निघताना कोरीनच्या खांद्यावर हात ठेवला. कोरीन दारात उभी राहून गाडी जाईपर्यंत बघत होती.

"झालं?" वेंडेलने विचारलं.

"झालं. उद्या दुपारी सगळ्यांना गोदामात बोलावलंय. पण मी अर्धंच सांगणार आहे."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते सांगून कुणाचं भलं होणार नाही."

दुसऱ्या दिवशी पिंपाभोवती सहा जण उभे होते. ऑगस्टला खुर्ची दिली होती, पण तो बसला नाही. हॉलिस घाम पुसत होता. ट्रूमन टोपी हातात घेऊन भिंतीशी उभा होता. कोरीन सगळ्यांच्या मागे.

"ऑगस्ट, सगळ्यांत आधी एक गोष्ट," मार्गिट म्हणाली. "तुमचं नाक बरोबर होतं. पिंपात नेल्सची व्हिस्की नाही. यापुढे कुणी तुम्हाला खुळा म्हणता कामा नये."

ऑगस्टने मान हलवली.

"आम्हाला वाटलं होतं, चोराने एक काढली आणि दुसरी भरली. एकाच वेळी. पण पिंप तसं सांगत नाही. हे ओघळ बघा. फक्त वरच्या अंगाला आहेत. पिंप भरलेलं असलं की लाकूड ओलं, फुगलेलं राहतं. रिकामं पडलं की वरच्या फळ्या वाळतात, आकसतात. मग पुन्हा भरलं की त्या फटींतून झिरपतं, लाकूड परत फुगेपर्यंत. म्हणजे हे पिंप फार काळ जवळपास रिकामं होतं आणि अलीकडे भरलं गेलं. ओघळ काजळीच्या वर आहेत, अजून चिकट आहेत."

"अलीकडे म्हणजे?" हॉलिसने घाबरत विचारलं.

"तुमचं दुसरं पिंप कमी झालं तेव्हा. ऑगस्टनी जाहीर केल्यानंतर. भरणाऱ्याला चोरी करायची नव्हती. चोर पिंप भरून का ठेवेल? ज्याला ऑगस्टना रिकामं पिंप बघू द्यायचं नव्हतं, त्याने ते भरलं. धुराची दुसरी व्हिस्की इथे नव्हतीच, म्हणून स्कॉटलंडच्या धुराची घेतली. बूच काढलं की सील मोडणार. मग नवं मेण ओतलं आणि अंगठी दाबली." तिने मेणाची चकती आणि ट्रूमनची बरणी शेजारी शेजारी ठेवली. "नेल्सच्या कड्यात डाइम मावतं. या कड्यात मावत नाही. ही अंगठी लहान आहे. बाईच्या हातातली."

कुणी मागे वळून पाहिलं नाही. पण कोरीन आपणहून पुढे आली.

"मी भरली, डॅड."

"तू?"

"तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. किती आनंदात होतात. मी पिंपावर हात मारून पाहिला, तर पोकळ वाजलं."

ऑगस्टने तिच्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे. रागाचा लवलेश नव्हता. "मग त्याची कुठे गेली?"

"ती फार पूर्वी गेली," मार्गिट म्हणाली. "तीन वर्षं किंवा त्याआधी. आता कुणी, कशी, हे काढत बसण्यात अर्थ नाही. गेली."

"झिरपली म्हणतेस?"

मार्गिटने मधाची बरणी बाजूला सरकवली. "तसं समजा."

"मार्गिट, मी पिंपांबरोबर जन्म काढलाय. एवढी व्हिस्की झिरपली असती तर खालची जमीन काळी पडली असती. मीच रोज या वाटेने जातो." तो वाकला. वाकताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तोंडाच्या कडेवरून त्याचीही बोटं फिरली आणि बरोबर बोळ्यापाशी थांबली. "इथे भोक होतं. त्यात काय होतं?"

"ऑगस्ट..."

"माझ्या मुलाचं पिंप आहे. दे."

तिने खिशातून खुंटी काढून त्याच्या हातावर ठेवली.

चेरीचं लाकूड. आत राहिलेला भाग दारूने काळपट झालेला. टोकाला चाकूचा एकच तिरपा काप. ऑगस्टने तो काप अंगठ्याने चाचपला. मग मान वर करून दाराशेजारच्या भिंतीकडे पाहिलं, जिथे सगळ्यांचे कोट टांगलेले होते.



"रोज बसायचा इथे," ऑगस्ट सावकाश म्हणाला. "टेकून. हॉलिस, तूच म्हणायचास ना?"

हॉलिसने तोंडावर हात धरला. आपण काय सांगून बसलो, ते त्याला आत्ता कळलं होतं.

"आणि धुकं?" ऑगस्टने सुनेकडे न बघताच विचारलं.

"नव्हतं," कोरीन म्हणाली. "लख्ख ऊन होतं. त्याला ज्यांनी तपासलं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तो प्यायलेला होता म्हणून. त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं. ओढ्यातून काढला तरी त्याच्या तोंडाला वास येत होता. तुमच्या पिंपाचा... त्याच्या पिंपाचा. मी त्यांच्या हातापाया पडले, म्हटलं, त्याच्या वडिलांना कळू देऊ नका. फोनवर तुम्हाला काय सांगू ते सुचेना. धुकं सुचलं."

"किती दिवस पीत होता?"

"ते पिंप भरलं त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. मला म्हणाला होता, सोडतो. दोनदा सोडलीही. तुम्हाला सांगायची त्याला लाज वाटायची. तुम्ही सगळ्यांना सांगायचात ना, माझा मुलगा थेंब घेत नाही म्हणून."

ऑगस्ट आता खुर्चीत बसला. ट्रूमनने पुढे होऊन त्याचा दंड धरला, पण त्याने हलकेच सोडवून घेतला.

"वास यायचा मला," तो म्हणाला. "त्याच्या अंगाला वास यायचा. शर्टाला, केसांना. बार्ली कोणत्या शेतातली ते मी वासावरून सांगतो. मला आला नसेल होय? पण इथे सगळ्यांच्याच अंगाला येतो. मला वाटायचं, पोरगा मन लावून काम करतोय. मला बरं वाटायचं, मार्गिट. त्याच्या जवळून गेलो की मी मुद्दाम मोठा श्वास घ्यायचो."

वेंडेल खिशात रुमाल शोधायला लागला. सापडला नाही, तेव्हा त्याने बाहीने डोळे पुसले.

"तुमचा दोष नाही," मार्गिट म्हणाली. तिला स्वतःलाच ते शब्द पोकळ वाटले.

"त्याने चांगली केली होती का गं?" ऑगस्टने कोरीनला विचारलं. "व्हिस्की. तू चाखली होतीस?"

"एकदा. मला तिचा राग होता, तरी..." कोरीन त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "फार चांगली होती, डॅड."

"असणारच. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं." त्याने डोळे मिटून घेतले. "बोललो असतो तर?"

हॉलिस पाय न वाजवता बाहेर गेला. थोड्या वेळाने पलीकडे हंड्याखालची आच बंद झाल्याचा आवाज आला. ट्रूमन त्याच्या मागोमाग गेला. मार्गिटने खुंटीवरचा कोट काढून हातावर घेतला आणि वेंडेलला खुणावलं.

"पाण्यातून त्याला तू उचललंस?" मागून ऑगस्टचा आवाज आला.

"मी आणि ट्रूमनने."

"एवढीशी तू. जड झाला असेल."

"नाही," कोरीन म्हणाली. "अजिबात नाही."

मार्गिट दाराशी पोचली होती. वेंडेल थांबला, म्हणून तीही थांबली. ऑगस्टने सुनेचे हात हातात घेतले होते. तीन वर्षं तिने एकटीने काय वाहून नेलं, ते त्या हातांवर लिहिलेलं असावं तसा तो ते बघत होता.

"सगळं सांग मला," तो म्हणाला. "माझ्यापासून लपवलंत ते सगळं. मला माझा मुलगा पुरता माहीतच नव्हता."

"कुठून सांगू?" कोरीनने विचारलं.

"तो तुला पहिल्यांदा आवडला, तिथून."